संध्याकाळी कढत, पहाटे गार: सोलरचं पाणी रात्रीत कुठे निवतं?

दिवाळी झाली, हवेत गारवा आला की पुण्याच्या सोसायट्यांमध्ये एक तक्रार हमखास सुरू होते: सोलरला, म्हणजे गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरला, पाणी गरम येत नाही. मग सर्व्हिसवाला बोलावला जातो. तो गच्चीवर चढतो, काचा पुसतो, पाणी तापवणाऱ्या दोन-चार काचेच्या ट्यूब बदलतो, ‘तुमच्या पाण्यात क्षार फार’ असं सांगून टाकी धुवायचे पैसे लावतो. चार दिवस बरे जातात, बहुधा आभाळ मोकळं असतं म्हणून. मग पुन्हा पहाटे बादलीभर पाणी सोडून हात घालावा तर गारच.

दरवर्षी तोच माणूस, तेच काम, तेच बिल आणि तीच तक्रार असं चाललं असेल, तर दोष बहुतेक गच्चीवर नसतोच. तो खाली कुणाच्या तरी बाथरूममध्ये असतो. प्रत्येक वेळी नाही, पण इतक्या वेळा असतो की ट्यूबला हात लावायच्या आधी हेच तपासावं. त्याला पाना-पक्कड लागत नाही. स्वयंपाकघरात वापरतात तसला काडीचा थर्मामीटर पुरतो.

एक व्हॉल्व्ह आणि दोन रात्री

सोलरचं काम दिवसाचं आणि आपली गरज पहाटेची. म्हणजे पाणी गरम होणं वेगळं आणि ते बारा तास गरम राहणं वेगळं. तक्रार करणारा दोन्हीला एकच वाक्य वापरतो, आणि सर्व्हिसवाला दोन्हीवर एकच उपाय करतो. गोंधळ इथूनच सुरू होतो.

चांगलं ऊन पडलेल्या दिवशी, संध्याकाळी सहाच्या सुमारास, टाकीला सर्वांत जवळच्या गरम नळाचं पाणी मोजा. गच्चीवर गरम लाइनला नळ असेल तर उत्तम, नसेल तर वरच्या मजल्यावरचा घ्या. पाइपातलं गार पाणी निघून जाऊ द्या, आकडा स्थिर झाला की लिहून ठेवा. हिवाळ्यातही स्वच्छ उन्हाच्या दिवशी, पाणी फारसं वापरलं गेलं नसेल तर ५५ ते ६० अंश मिळायला हरकत नाही.

त्या रात्री सगळे झोपले की टाकीतून खाली जाणाऱ्या गरम लाइनचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. व्हेंट पाइप, म्हणजे टाकीवरचा तो उभा उघडा पाइप, मात्र कधीही, कशासाठीही बंद करायचा नाही. पहाटे व्हॉल्व्ह उघडून त्याच नळाला पुन्हा मोजा. दुसऱ्या रात्री हेच सगळं करा, पण व्हॉल्व्ह उघडा ठेवून.

पफचं (उष्णता अडवणाऱ्या फोमचं) चांगलं आवरण असलेली टाकी रात्रभरात पाच-सात, फार तर आठ अंश उतरते. आता समजा, व्हॉल्व्ह बंद होता त्या रात्री ५८ चे ५२ झाले आणि उघडा होता त्या रात्री ५८ चे ३४. तर मग टाकी ठीक आहे, ट्यूब ठीक आहेत, क्षारांचाही संबंध नाही. खालून कुठून तरी गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतंय. व्हॉल्व्ह बंद असूनही पहाटे पाणी निवलं, तर दोष टाकीत किंवा तिच्या आसपास. आणि संध्याकाळीच आकडा ४० च्या खाली असेल तरच कलेक्टर (ऊन घेऊन पाणी तापवणारा भाग), ट्यूब, सावली वगैरेंकडे वळायचं.

१०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ४ युनिट वीज लागते. सोसायटीच्या टाक्या हजारो लिटरच्या असतात. रात्रीत ती सगळी कमाई कुठे जाते हे शोधण्यासाठी दोन रात्री जागायला काहीच हरकत नाही.

बंद गिझरसुद्धा पाइपच असतो

गार पाणी गरम लाइनमध्ये शिरायला एकच गोष्ट पुरते: दोन्ही लाइन कुठे तरी एकमेकींना जोडलेल्या आणि मध्ये काही अडवायला नाही. फ्लॅटमध्ये असे जोड सहज तयार होतात.

सगळ्यांत मोठा गुन्हेगार म्हणजे मागाहून बसवलेला गिझर. पावसाळ्यात सोलर चालत नाही म्हणून लोक बाथरूममध्ये गिझर लावतात. प्लंबर काय करतो, तर गिझरचं इनलेट थंड लाइनला जोडतो आणि आउटलेट तिथेच जवळ असलेल्या सोलरच्या गरम लाइनला टी (तीन तोंडांचा जोड) टाकून जोडतो. काम झटपट होतं, टाइल फोडावी लागत नाही. पावसाळा संपला की घरातले बटण बंद करतात आणि गिझर बंद झाला असं समजतात. वीज बंद झाली, पाणी नाही. थंड लाइनचं पाणी गिझरच्या टाकीत जातं, तिथून बाहेर पडून थेट सोलरच्या लाइनमध्ये. गिझरखाली वाकून बघा: आत जाणारा आणि बाहेर येणारा असे दोन वेणीचे पाइप असतात, एकाच्या बुडाशी बहुतेक निळी रिंग, दुसऱ्याच्या लाल. लाल रिंगचा पाइप जिथे भिंतीत शिरतो तिथे कॉक आहे का, आणि तो आत्ता बंद आहे का, एवढंच पाहायचं. बहुतेक ठिकाणी कॉक असतो आणि उघडा असतो.

दुसरा नंबर मिक्सरचा. हँड शॉवर असलेल्या मिक्सरला भिंतीवर गरम-गार असे दोन नॉब असतात आणि शॉवरच्या दांड्यावर पाणी थांबवायचं बटण. आंघोळ झाली की माणूस दांड्यावरचं बटण बंद करतो आणि नॉब तसेच उघडे सोडतो. बाहेर थेंब गळत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. आत मात्र गरम आणि गार लाइन एकमेकींशी रात्रभर मोकळ्या बोलत असतात. एकाच दांडीच्या मिक्सरचं आतलं कार्ट्रिज झिजलं की दांडी बंद असूनही तोच प्रकार होतो. मिक्सरच्या तोटीला टी लावून कुणी जेट स्प्रे किंवा वॉशिंग मशीन जोडलं असेल तर विचारूच नका.

यात प्रेशर पंप आला की कहर. वरच्या मजल्यांना टाकी जवळ असल्यामुळे पाण्याला जोर नसतो. तिथला एखादा रहिवासी फक्त आपल्या थंड लाइनला पंप बसवतो. सोलरची लाइन मात्र गुरुत्वाकर्षणावर, साधी. आता त्याच्या बाथरूममध्ये वर सांगितल्यापैकी एक जरी जोड असला, तर पंपाच्या जोरावर गार पाणी गरम लाइनमधून उलटं चढून सोलरच्या टाकीत जातं आणि व्हेंट पाइपमधून गच्चीवर सांडतं. गच्ची ओली दिसली की लोक टाकी गळते म्हणतात. गळत काही नाही, एका फ्लॅटचा पंप अख्ख्या विंगचं गरम पाणी बाहेर ढकलतोय.

पंप नसतानाही गळती चालूच राहते, फक्त सावकाश. गार पाणी जड आणि गरम पाणी हलकं. दोन्ही लाइन खाली एखाद्या मिक्सरपाशी जोडल्या गेल्या की गार लाइनचा उभा स्तंभ गरम लाइनला वर रेटतो, आणि टाकीतलं गरम पाणी थंड पाण्याच्या इनलेटमधून मागे, ओव्हरहेड टाकीकडे सरकतं. पहाटे थंड नळाला पहिलं पाणी कोमट आलं, तर ही सर्वांत स्वस्त खूण समजा. ‘आज थंड पाणी पण बरं होतं’ असं कुणी म्हणालं की कान टवकारायचे.

फ्लॅट कसा शोधायचा

टाकीत येणाऱ्या थंड पाण्याचा, म्हणजे इनलेटचा व्हॉल्व्ह बंद करा. एका फ्लॅटमध्ये गरम नळ पूर्ण उघडा. टाकीच्या आउटलेटच्या वरचं आणि पाइपातलं पाणी संपेपर्यंत धार चालेल, मग व्हेंटमधून हवा आत येऊन ती थांबायला हवी. धार बारीक होऊन थांबली तर क्रॉस, म्हणजे गरम-गार लाइनचा जोड, नाही. पाणी चालूच राहिलं आणि गार गार होत गेलं, तर ते सोलरचं नाहीच, कुठल्या तरी बाथरूममधून उलटं येतंय.

तसं असेल तर तो नळ चालू ठेवूनच गच्चीवरचे डाउनटेकचे (टाकीतून फ्लॅटच्या एकेका उभ्या रांगेला खाली जाणाऱ्या पाइपांचे) व्हॉल्व्ह एकेक करून बंद करत जा. ज्या डाउनटेकवर नळ उघडा आहे तो मात्र उघडाच ठेवा; बाकी सगळे बंद करूनही धार चालू राहिली तर जोड त्याच रांगेत आहे. जो बंद केल्यावर धार तुटते, त्या उभ्या रांगेतल्या फ्लॅटपैकी कुणाकडे तरी जोड आहे. मग तो व्हॉल्व्ह पुन्हा उघडून त्या रांगेत वरून खाली एकेका फ्लॅटचा गरम लाइनचा कॉक बंद करून बघायचं. दोन माणसं आणि मोबाइल असले की एका दुपारी होतं. फार कडक उन्हात इनलेट तासन्‌तास बंद ठेवू नका, तपासणी झाली की लगेच उघडा. उघडल्यावर वरच्या मजल्याचा गरम नळ फुरफुर थांबेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे लाइनमध्ये शिरलेली हवा निघून जाईल.

एक सूचना, जरा लबाडीची. तपासणीची नोटीस लावताना फक्त ‘अमुक वेळेत पाणी वापरू नये’ एवढंच लिहा. ‘आपापले मिक्सर आणि गिझरचे कॉक तपासावेत’ असं लिहिलंत, तर सगळे त्या दुपारपुरते कॉक बंद करतील, चाचणी चोख येईल आणि रात्री पुन्हा पाणी गार.

सापडल्यावर भांडण होणारच. ‘आमचा गिझर तर बंद असतो हो’ हे उत्तर ठरलेलं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना प्लंबरने सांगितलेलंच नसतं. त्यांच्यासमोर कॉक बंद-चालू करून वरच्या नळाची धार दाखवली की वाद मिटतो.

दुरुस्ती करताना

सर्वांत पक्का उपाय म्हणजे गिझरच्या इनलेटला थंड लाइन द्यायचीच नाही, सोलरची गरम लाइन द्यायची. सोलरचं पाणी गिझरमधून नळाला येतं. पुरेसं गरम असेल तर थर्मोस्टॅट वीज घेतच नाही, कोमट असेल तर उरलेले दहा-पंधरा अंश गिझर भरून काढतो. थंड लाइनचा गिझरशी संबंधच उरत नाही. हे साठवणीच्या गिझरला चालतं. इन्स्टंट आणि गॅस गिझरला आधीच तापलेलं पाणी देऊ नका, त्यांच्या कंपन्या चालतं असं लिहून देत असतील तरच. उन्हाळ्यात सोलरचं पाणी ८० अंशांच्या वर जातं, हेही लक्षात ठेवा. म्हणूनच गरम लाइन सीपीव्हीसीचीच, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचीच हवी, साधी पीव्हीसी वाकते.

एवढी तोडफोड नको असेल तर प्रत्येक फ्लॅटच्या गरम लाइनवर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा व्हॉल्व्ह. इथे बहुतेक प्लंबर स्प्रिंगचा एनआरव्ही आणून बसवतात आणि दुसऱ्या दिवशी वरचे मजले ‘धारच येत नाही’ म्हणून ओरडतात. ते बरोबरच ओरडतात. टाकी डोक्यावर दोन-अडीच मीटरवर असताना पाण्यात स्प्रिंग पूर्ण उघडण्याइतका जोर नसतो. फ्लॅपचा एनआरव्ही घ्यावा, आडव्या पाइपात, बाण पाण्याच्या दिशेला करून. बोअरचं पाणी असेल तर फ्लॅपवर पांढरा थर बसून तो अर्धवट उघडा अडकतो, म्हणून तो काढून धुता येईल अशा जागी लावावा. एनआरव्ही बसवून दोन वर्षांनी तक्रार परत आली तर आधी तोच उघडून बघा.

मिक्सरचं कार्ट्रिज बदलणं किरकोळ काम आहे. हँड शॉवरच्या दांड्यावरचं बटण वापरायची सवय मात्र मोडवत नाही. तिथे मिक्सरच्या मागे दोन्ही लाइनवर एनआरव्ही लावून मोकळं व्हावं.

थंड लाइनला पंप लावायचाच असेल तर सोलरच्या टाकीत पाणी शिरायच्या आधीच्या पाइपावर चुकूनही नको. ट्यूबवाल्या साध्या टाक्या दाबासाठी बनवलेल्या नसतात, पंपाच्या दाबाने टाकी फुगते, शिवण उसवते.

संध्याकाळीच पाणी कोमट असेल तर

आता खरोखर गच्चीवरची कारणं.

सावली आधी बघा, आणि डिसेंबरातच बघा. पुण्यात मे महिन्यात सूर्य भर दुपारी डोक्यावर असतो, मेच्या मध्यावर तर शून्य सावलीचा दिवसच येतो. डिसेंबरअखेर मात्र दुपारी बारालाही तो क्षितिजापासून ४८ अंशांपर्यंतच चढतो. दक्षिणेला ३ मीटर उंच भिंत असेल तर दुपारची सावलीच पावणेतीन मीटर पडते, सकाळी नऊला त्याहून कितीतरी लांब. शेजारी नवी इमारत झाली, लिफ्टची खोली वाढवली, मोबाइलचा टॉवर आला, सोलर पॅनलचा मांडव घातला: उन्हाळ्यात काही जाणवत नाही आणि दर हिवाळ्यात तक्रार येते. यावर ट्यूब बदलून काहीही होणार नाही, स्टँडच हलवावा लागतो.

ट्यूब खराब झाली की नाही हे ओळखायला सर्व्हिसवाला लागत नाही. प्रत्येक ट्यूबच्या बंद टोकाला आतून चंदेरी आरशासारखा लेप असतो. आतली निर्वात पोकळी गेली की तो लेप दुधासारखा पांढरा पडतो. टोकाचं प्लास्टिकचं टोपण काढून बघा. आणखी एक खूण: भर उन्हात चांगल्या ट्यूबची बाहेरची काच हाताला साधारण हवेइतकीच लागते, निर्वात गेलेली चटकन गरम लागते, कारण ती आतली उष्णता बाहेर टाकत असते. वीसपैकी एक-दोन गेल्या असतील तर पाण्याच्या तापमानात मोठा फरक पडत नाही. ‘चार बदलल्या पाहिजेत’ असं कुणी म्हणालं तर ‘पांढऱ्या कुठल्या ते दाखवा’ म्हणायचं.

ट्यूब बदलताना किंवा टाकी रिकामी झाल्यावर एक पथ्य कडक पाळायचं. कोरड्या ट्यूब उन्हात दोनशे अंशांच्या पुढे तापतात. दुपारी त्यात गार पाणी सोडलं की तडातड फुटतात. टाकी भरायची ती सूर्य उगवायच्या आधी किंवा मावळून ट्यूब निवल्यावर. सुट्टीत गावी जाताना थंड पाणी बंद करून गेलेल्यांच्या ट्यूब परत आल्यावर फुटतात, त्या अशाच.

क्षारांचं म्हणाल तर ती तक्रार काही खोटी नाही, फक्त सरसकट लावली जाते. खडकवासल्याचं पाणी मऊ, त्याने सहसा त्रास होत नाही. पण उंड्री, पिसोळी, वाघोलीकडे बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांची गोष्ट वेगळी. पाणी तापलं की त्यातला विरघळलेला चुना पांढरा होऊन बसतो आणि जितकं जास्त तापेल तितका जास्त बसतो. तांब्याच्या नळ्यांच्या जुन्या सपाट कलेक्टरमध्ये हा थर नळ्याच बंद करतो: वरची नळी कढत, खालची गार, आणि पाणी फिरतच नाही. अशा पाण्याला साधा सपाट कलेक्टर घेऊच नये. घ्यायचा तर हीट एक्स्चेंजरचा घ्यावा, ज्यात कलेक्टरमधलं पाणी वेगळं फिरतं. काचेच्या ट्यूब जास्त सोसतात, पण टँकरचा गाळ त्यांच्या तळाशी साठतो आणि तेवढा भाग गरम करायच्या कामाचा उरत नाही. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, ड्रेनचा कॉक उघडून टाकी वाहू द्यावी आणि दोन-तीन ट्यूब काढून गाळ किती आहे ते बघावं.

ॲसिड वॉश करू असं कुणी म्हणालं तर कुठलं ॲसिड ते विचारा. संडास धुवायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड स्टीलच्या टाकीत ओतलं तर क्लोराइडमुळे शिवणीपाशी बारीक भोकं पडतात. टाकी त्या दिवशी चकचकीत दिसते आणि वर्षभरात गळायला लागते. स्टीलच्या टाकीला सायट्रिक किंवा सल्फॅमिक चालतं, पण त्यानंतर भरपूर पाण्याने धुवायला हवं. जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) टाकी असेल तर आतला मॅग्नेशियमचा दांडा टाकी धुताना काढून बघा, झिजून तार उरली असेल तर बदला.

दोन किरकोळ कारणं, जी किरकोळ वाटत नाहीत

टाकी कढत आहे आणि एकाच फ्लॅटला धार येत नाही किंवा नळ फुसफुस करतो, तर हवा अडकली आहे. गच्चीवर गरम पाइप कठड्यावरून उचलून खाली सोडलेला असतो, त्या उंचवट्यावर हवा साठते. पाइपला टाकीकडून खालपर्यंत सलग उतार द्यावा, नाही तर उंचवट्यावर ओव्हरहेड टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच असा व्हेंट काढावा.

खालच्या मजल्यांची ‘बादलीभर पाणी वाया जातं’ ही तक्रार वेगळी. एक इंची सीपीव्हीसी पाइपच्या मीटरभर लांबीत सुमारे ४०० मिली पाणी मावतं, म्हणजे ३० मीटरला १२-१३ लिटर. रात्रीत ते निवणारच, टाकी कितीही कढत असो. गच्चीवरचे पाइप उघडे असतील तर त्यांना आवरण घाला, त्याचा फायदा दिवसभराच्या वापरात दिसतो, पण पहाटेच्या पहिल्या बादलीत फारसा नाही. त्यावर खरा इलाज म्हणजे गरम पाणी फिरतं ठेवणारी रिंग लाइन आणि टायमरवरचा छोटा पंप, पहाटे पाच ते आठ. जुन्या इमारतीत परतीचा पाइप टाकायला डक्टमध्ये जागा असेल तरच हे जमतं. नसेल तर पहिली बादली झाडांना किंवा फरशीला वापरायची, आणि त्या तक्रारीसाठी सर्व्हिसवाल्याला पैसे द्यायचे नाहीत.

गच्चीवर सोलर आहे म्हणून मालमत्ता करात सवलत घेणाऱ्या आणि घरोघरी गिझर लावणाऱ्या इमारती पुण्यात कमी नाहीत. तुमची त्यातली असेल तर कमिटीच्या पुढच्या बैठकीत नव्या ट्यूबचं कोटेशन मंजूर करायच्या आधी त्या दोन रात्रींचे चार आकडे मागा. सर्व्हिसवाला म्हणेल, याची गरज नाही. थर्मामीटर तुम्हीच घेऊन जा.